निळ्याच्या पेटीत

प्रातोच्या गिरण्यांत कापड विणून झालं
की काठाला जी झालर उरते, ती आमच्याकडे येते.
कोट बेतून झाले की काखेच्या वळणाचे तुकडे येतात,
बेतणाऱ्याने खडूने ओढलेली रेघ
अजून त्यांच्यावर असते, कधी आकडाही : बेचाळीस.
बेचाळीस छातीचा तो माणूस
कुठेतरी कोट घालून हिंडत असेल.
त्याच्या काखेची चंद्रकोर माझ्या हातात आहे.

मी लोरेदाना. सदतीस वर्षं याच बाकावर.
चिंध्यावाली म्हणा, राग नाही.
बाप चिंध्यावाला होता, त्याने शिकवलं :
आधी बोट, मग डोळा,
तरी शंका उरली तर काडी.
लोकर जळाली की केस जळाल्याचा वास,
राख चिमटीत विरते.
खोटा धागा वितळतो, मण्यासारखा घट्ट होतो
आणि जाता जाता बोट भाजतो.

आम्ही रंगवत नाही.
बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही.
रंग आधीच आहेत, फक्त पांगलेत.
शेवाळी हवा असेल तर मूठमूठ उचलायचं,
बराचसा बाटलीहिरवा, थोडा मोहरीचा पिवळा,
काळा भाजीत मिठाएवढा,
आणि सगळं पिंजणयंत्राच्या दातांखाली द्यायचं.
एकट्या निळ्याच्या माझ्याकडे नऊ पेट्या.
शाईचा, खलाशाचा, गॅसच्या ज्योतीचा,
ओरेस्तेच्या पहिल्या स्कूटरचा,
एकाला आम्ही 'विधवेचा' म्हणतो,
का ते आता कुणालाच आठवत नाही.

मार्चमध्ये शुएचिन आली.
तिच्या वडिलांचा शिवणकारखाना बंद पडला त्याच आठवड्यात.
कमी बोलते. बोलली की अस्सल इथली,
'क' गिळून त्याचा 'ह' करते माझ्यासारखाच.
मी तिला काडी दिली, पेट्या दाखवल्या,
आणि म्हटलं, दहा वर्षांनी विचार काय विचारायचं ते.

परवा जेवणाच्या सुट्टीत चष्मा विसरले म्हणून परतले.
ती माझ्या पेटीवर वाकलेली.
हिरव्यातून एक तुकडा काढला, निळ्यात ठेवला.
मग दुसरा.
मग मूठभर.
मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही.
ती काही बोलली नाही,
एक तुकडा घेऊन दारातल्या उजेडात गेली
आणि तिथे नुसता धरून उभी राहिली.
हिरवा, मी म्हटलं.
ती गप्प.
हिरवाच आहे, मी म्हटलं,
आणि माझाच आवाज मला पोकळ ऐकू आला.

कधीपासून?
ईस्टरपासून.

म्हणजे सात महिने.
सात महिन्यांत एकही गठ्ठा परत आला नव्हता.
फियोरेन्झोने तर सगळ्यांसमोर म्हटलं होतं,
लोरेदानाची नजर म्हणजे नजर.
तेव्हा ती मागे उभी राहून
पायाशी पडलेली सुतं गोळा करत होती.

डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू. चांगला पिकलाय.
डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं,
पेटीत पडून राहिलेल्या लोकरीसारखं
(हे तो नाही म्हणाला, हे मी म्हणतेय),
मग निळा आधी जातो.
जुनं काढू, नवं बसवू, वीस मिनिटांचं काम.
जुन्याचं काय करता? मी विचारलं.
तो हसला. फेकतो, म्हणाला.
आमच्या गल्लीत हा शब्द
कुणी इतक्या सहज उच्चारत नाही.

डावा डोळा आधी, पुढच्या गुरुवारी.
तोवर निळ्यावर शुएचिन बसेल.
बाकाची उंची तिने दोन विटांनी वाढवून घेतली,
मला न विचारता.
मी पांढऱ्याच्या पेटीवर आहे.
पांढरं अजून नीट दिसतं मला,
म्हणजे तसं वाटतं.
थांबा, तिला विचारून सांगते.