करवतकाठी

कूलरच्या खसावर बादली ओतून आडवी झाले.
रात्रीचे सव्वाअकरा, आणि तांडापेठेच्या भिंतीला हात लावला
तर कळतं, दुपार गेलेली नाही,
आत शिरून बसलीय.

बर्डीवरच्या गाळ्यातून घेतलेला जुना डबा
दोन्ही हातांत धरला
आणि त्याच्या पडद्यावर बर्फ पडत होता.

बर्फ म्हणजे पांढरे चौकोन.
एकेक खाली येताना मध्येच थबकतो,
जणू कुणी विचारलं, कुठे निघालास?
कंदिलाभोवती पिवळा, मग शेंदरी,
मग धुऊन विटलेला शेंदरी.
तीन रंगांत उजेड संपतो,
डोळा चौथा आपल्या पदरचा घालतो.

मुद्दाम जुनं केलंय हे.
ज्यांना पापणीचा केस न केस काढता येतो
त्यांनी ठरवून माझ्या चौघांना नाक दिलेलं नाही.
ती वैद्यीण रडते तेव्हा
तिची मान एक चौकोन खाली जाते.
एकच.
माझ्या पोटात तेवढ्याने कालवतं.
(तिला माझं नाव दिलं नाही. दमली असती.
तलवारवाल्याला दिलंय भोजाचं,
जो सुरतेला गेला आणि दिवाळीला फोन करतो.)

पुलावर गाठ पडली.
आवाज बंद, बाबा झोपलेत,
त्यामुळे माझी सगळी युद्धं मुकी.
डावीकडे शेवाळी सरडा, पुलाएवढा,
उजवीकडे आम्ही तिरप्या ओळीत,
जागच्या जागी डुलत,
रेशनच्या रांगेत पाय भरून आल्यासारखे.

आणि मग कुणी काही करत नाही.
सरडा जबडा उघडून थांबतो.
माझी पाळी आहे.
हल्ला, जादू, सामान, पळ.
मी उठते, माठातलं पाणी पिते, परत येते,
सरडा थांबलेला.

मेयोच्या सात नंबर वॉर्डात कुणी थांबत नाही.
तिथे बावीस खाटांची पाळी
एकाच वेळी येते.

"काय करून राह्यली वं?"
बाबा उठून शेजारी बसले,
ऑपरेशन झालेला डोळा पडद्याजवळ आणून.
सरडा त्यांना दिसलाच नाही.
भोजाने उगारलेली तलवारही नाही.
सगळ्यांच्या मागे, जिथे कुणी पाहत नाही,
त्या डोंगराच्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे करवतकाठी हाय."

खरंच. काळा डोंगर, निळी रात्र,
पायरी पायरीने एकमेकांत घुसलेले दात.
"तीन धोटे लागते याले.
दोन काठाचे, एक अंगाचा.
धाग्यात धागा अडकवा लागते,
नाहीतं काठ येगळा, लुगडं येगळं.
कोनं इनलं हे?"

जपानातल्या लोकांनी, मी म्हटलं.

"त्याइच्याकडंबी माग हाय म्हना."

आमचा माग मी नववीत असताना गेला,
लाकूड किलोवर, फणी तशीच वरून दिली.
पुढे कित्येक महिने
बाबांचा उजवा पाय जेवताना
पाटाखाली काहीतरी दाबत असायचा.

"हा चौथा शब्द काय हाय?"
पळ, म्हटलं. लढायचं नसेल तर पळून जाता येतं.
"अन् मंग डोंगर?"
डोंगर जातो. दुसरा पडदा येतो.

तेवढ्यात लाइट गेली.
कूलर धापा टाकत टाकत गप्प झाला,
गल्लीत कुणीतरी वीजवाल्यांची आई काढली.
अंधारात बाबांचा चेहरा:
पिवळा, शेंदरी, विटका शेंदरी.
ओठ हलत होते. मोजत होते.

"सतरावा दात चुकला त्याइचा," म्हणाले,
आणि खूष झाले.

बॅटरी नऊ टक्के.
माझा अंगठा हल्ल्यावर.
"थांब," बाबा म्हणाले,
"काही दाबू नोको."