गंधाराची जागा

गुदैबियात, कोल्ड स्टोअरच्या वरच्या खोलीत
शुक्रवारी दुपारी आम्ही एसी बंद करतो.
तो षड्जाच्या जरा खाली घरघरतो
आणि रोडेलचा बास त्याच्याच मागे जातो.

याकूबने आजोबांचा माठ आणलाय,
मोती काढणाऱ्यांच्या गलबतावरचा.
मात्रा मोजू नका म्हणतो,
श्वास कुठे संपतो तेवढं बघा.

मी बागेश्री धरतो.
रोडेल हसतो : हा तुझा ग
ना धड कोमल, ना धड शुद्ध,
यावर आम्ही अख्खी रात्र काढतो बारमध्ये.

मिरजेत गुरुजी गिटारकडे बघून म्हणाले होते,
पडद्यांच्या मधलं काय करशील?
गेल्या महिन्यात पक्कड घेऊन
सगळे पडदे उपटले.
बोटं अजून चाचपडतात.

आज मात्र घसरता घसरता
एक जागा सापडली.
याकूबचा तळवा माठावर तसाच राहिला.
खाली कुणीतरी अंड्यांचा ट्रे मागत होतं.
"परत घे," रोडेल म्हणाला.

परत घेतली.
नव्हती तिथे.

घामाने तारा निसटायला लागल्या
तेव्हा एसी लावला.
तो तसाच, षड्जाच्या जरा खाली.
कुणी काही बोललं नाही.
खुंट्या पिळून
आम्ही त्याच्याशी उतरून घेतलं.