नको म्हणण्याचे टक्के

सदतीस वर्षं एसटीच्या डेपोत रोकड मोजली,
कंडक्टरांच्या पिशव्यांतल्या
घामाने चिकटलेल्या दहा-दहाच्या नोटा.
म्हणून असेल,
केळुसकराने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला
तेव्हा मी आकडा पाहिला नाही,
त्याचं बोट पाहिलं.

'ताई, दलाली दोन टक्के. त्यातला अर्धा टक्का
तुम्हाला परत. अख्ख्या वेंगुर्ल्यात विचारून बघा.'
चौतीस लाखांवर सतरा हजार.
सतरा हजारांत विहिरीवरचा पंप येतो,
नाहीतर फ्रिज.
मी तिथल्या तिथे त्या फ्रिजमध्ये बांगडे ठेवूनही पाहिले.
मग विचारलं, 'आणि विकणाऱ्याकडून किती?'
तो पंख्याकडे बघून म्हणाला,
'लाइट आज सारखी जाते.'

ब्रिजिता फर्नांडिस परत काही देत नाही.
'दोन टक्के. ते तुझ्याकडना.
दुसऱ्याकडना मी चाय पण घेणंय नाय.'
स्कूटरच्या डिकीत टॉर्च, जुनी चप्पल,
सुतळीला बांधलेला एक नटबोल्ट.

पहिल्या घरात तिने गिलाव्यावर बोट ओढलं,
जिभेला लावलं.
'खारट. दर्याची रेती.'
दुसऱ्याच्या विहिरीत बोल्ट सोडला,
मे महिना, दुपारचे दोन,
सुतळी कोरडी वर आली.
तिसऱ्याच्या सातबाऱ्यावर अकरा नावं,
एक अबुधाबीत, एक देवाघरी
आणि तिथूनही हिस्सेदार.
चौथं मला आवडलं होतं. खरंच आवडलं होतं.
मागच्या पडवीतून बंदराचा दिवा दिसायचा,
दारात सुरंगीचं झाड.
ती बरं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही.
'राती येवन बघ.'
रात्री गेले. शेजारी बर्फाचा कारखाना.
जनरेटर असा, की कवळी असती तर निघून पडली असती.

चार वेळा नको. चार वेळा तिचंच पेट्रोल.
वहीत लिहायला बसले आणि अडले:
घेण्याचे दोन टक्के,
नको म्हणण्याचे किती?

ठाण्याचा भाचा फोनवर हसला,
'मावशी, सतरा हजार सोडतेस?
ती काय आपली नातेवाईक आहे?'
नाही रे. नातेवाईक असती
तर एव्हाना तिच्या दिराचं घर माझ्या गळ्यात असतं.

शेवटी उभादांड्याला, पुढच्या फेब्रुवारीत,
दोन खोल्या, एकोणतीस लाख.
अठ्ठावन्न हजार मोजून दिले.
शेवटच्या नोटेपाशी हात जरा रेंगाळला,
खोटं कशाला बोलू.
केळुसकर बाजारात भेटतो, अजून नमस्कार करतो.
त्याने मिळवून दिलेल्या घरांतही माणसं राहतात,
काही तर माझ्याहून सुखात.

गणपतीच्या आठ दिवस आधी
उत्तरेची भिंत फुगली.
पलिस्तर पापडासारखं हातात आलं.
तिला बोलावलं, रागातच.
ती आली, रेनकोट न काढता भिंतीशी गेली,
बोट ओढलं, जिभेला लावलं
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.
रेनकोटचं पाणी माझ्या नव्या लाद्यांवर.
'ह्यां माकां समाजला नाय,' म्हणाली.
'चुकलंय मी.'

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तिने पाठवलेला.
मजुरी घेईना. आकडा मात्र सांगितला,
मीच खोदून विचारलं म्हणून.

आता हे बारा हजार चारशे
कुठल्या रकान्यात लिहू?
परतावा म्हणावा, तर ठरला नव्हता.
दंड म्हणावा, तर मी लावला नव्हता.
पेन्सिलीने समासात टिपून ठेवलेत.

रविवारी चर्चमधून परतताना ती डोकावते,
भिंतीला पालथा हात लावते
आणि मग बसते.
चहा घेते हल्ली. साखर वर मागून.