शकूर पेंटरचा मासा

लोह्याच्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर
शकूर पेंटरनं लाल रिबिन काढली,
नांदेडहून आलेल्या कागदावर बघून.
भिंत बुटकी, कागदावरची रिबिन उभी,
म्हणून त्यानं ती आडवी केली.

आम्हाला मासाच दिसला.

नववी ब. शाळा सुटली की
त्याच भिंतीपुढं बसून बोरं खायचो,
थुंकलेल्या बिया माशाच्या शेपटीपर्यंत उडायच्या.
मासे खाल्ल्यानं होतोय लेका, व्यंकटी म्हणाला.
माझ्या ताटातली लिंबोटीच्या धरणाची मरळ
मी महिनाभर मांजरीला घातली.

माशाच्या बाजूला दोन काळ्या सावल्या,
एक बाई, एक बाप्या, नाक-डोळे नसलेले.
ज्यांना तोंडच नाही त्यांना होत असेल, असं ठरलं.
आम्ही एकमेकांची तोंडं बघितली
आणि उरलेली बोरं वाटून घेतली.

खाली अक्षरं : एकनिष्ठ राहा.
हा शब्द आम्ही फक्त कुत्र्याच्या निबंधात लिहिलेला.
सरांना विचारलं,
तर त्यांनी बोटाचा खडू पुसला
आणि पुढचा धडा काढला.

दुसऱ्या वर्षी शकूरनं भिंतीवर ट्रक वाढवला.
हिरवा, फाळक्यावर मोर.
व्यंकटीच्या बापाचाच ट्रक.
शकूरचा तरी काय दोष,
तो मोर दर दिवाळीला त्यानंच रंगवलेला,
दुसरा ट्रक त्याच्या हाताला येतच नव्हता.
मधल्या सुट्टीत व्यंकटीच्या डब्याभोवती
हळूहळू जागा मोकळी राहू लागली.
तसं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मुद्रिका, आमच्याच वर्गातली.
तिची आई महिन्यातून एकदा नांदेडची पहिली एसटी धरायची,
येताना पिशवीत मेथीची जुडी,
जुडीखाली गोळ्यांची डबी.
डबीचं मला फार उशिरा कळलं.

एका दुपारी मुद्रिका भिंतीसमोर थांबली,
मान वाकडी करून बघत राहिली.
मग एक वेणी सोडली,
शाळेची लाल रिबिन बोटावर धरून तिला पीळ दिला,
भिंतीवरच्या चित्राला लावून बघितली.
"मासा नाही हा," ती म्हणाली,
"रिबिन हाय. आडवी पडलीय."

आम्ही हसलो.
ती पुन्हा वेणी घालत होती तेव्हा
तिचं दप्तर व्यंकटीनं धरलं होतं.
मी अगदी शेजारी उभा होतो,
दोन्ही हात रिकामे,
आणि शकूरनं मोराला किती पिसं काढलीत
ते मोजत होतो.