कापो इन बी

त्रिएस्तेत कॉफी मागायला वेगळी बाराखडी लागते.
नेरो म्हणजे काळी, दोन घोटांची.
कापो म्हणजे तीच, डोक्यावर दुधाचा टिपका घेऊन.
आणि कापो इन बी म्हणजे तोच कापो,
पण काचेच्या इवल्या पेल्यात,
जिथे पांढरं कुठे संपलं नि तपकिरी कुठे सुरू झालं
हे गिऱ्हाईक बोट लावून मोजू शकतं.
म्हणून बी अवघड, ओंदीना म्हणते.
चिनी मातीचा कप पोटात ठेवतो,
काच चुगली करते.

पहिल्या सकाळी मी दूध तापवलं
तर ते किंचाळलं.
ओंदीनानं वाफ बंद केली,
अख्खा चंबू सिंकमध्ये उपडा केला.
"दुखलं की ते सांगतं, एर्विन. ऐकत जा.
नळीचं टोक नुसतं टेकव, बुडवू नकोस.
कापड फाटल्यासारखं टर्रकन् वाजेल,
तीनदा, फार तर चारदा.
मग किंचित आत, जरा कडेला,
की दूध स्वतःभोवती गिरकी घेईल
आणि मोठे बुडबुडे आपणच गिळून टाकेल."
आणि थांबायचं कधी?
"तळहाताला विचार.
हात 'नको' म्हणाला की थांब.
उतायचं नाही, मातायचं नाही."

तिचा स्वतःचा हात काहीच म्हणत नाही,
हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.
मागच्या वर्षी शिरेतून औषध चढवलं.
केस परत आले, आधीपेक्षा कुरळे;
बोटांतलं ऊन-गार आलं नाही.
आता ती दूध कानानं तापवते.
आवाज आधी पातळ असतो,
मग भरत जातो, जडावतो,
घोगरा होणार
त्याच्या एक श्वास अलीकडे
ती वाफ तोडते.

एकदा ग्राट्सहून आलेल्या पोरानं 'लात्ते' मागितलं.
तिनं पेलाभर थंड दूध पुढे ठेवलं.
शब्द मागितलास, शब्द मिळाला.
त्याचा चेहरा बघून मग तिलाच राहवेना,
एक नेरो त्यात ओतली. पैसे दुधाचेच घेतले.

आणि सिओर उल्देरिको.
बंदराच्या कचेरीतून निवृत्त, रोज साडेदहा,
टोपी काउंटरवर, कोपर टोपीवर.
कापो इन बी, उभ्यानं, तीन घोट.
मग म्हणणार: "काल बरी होती."
रोज. बारा वर्षं.

फेब्रुवारीत बोरा सुटला.
डोंगरावरून उतरलेला तो वारा
माणसांना चढावर मागे ढकलत होता,
स्कूटर आडव्या, दार चौकटीत थडथडत होतं,
दुकानाचं शटर जणू कुणी दातांनी चावतंय.
ओंदीनानं वाफ सोडली
आणि मान तिरकी करून उभी राहिली,
फोनवर बोलता बोलता
पलीकडचा आवाज तुटावा तशी.

काही न बोलता तिनं माझा हात ओढला,
चंबूला चिकटवला,
आणि वरून स्वतःचा ठेवला.
कोमट.
उबदार.
न्हाऊ घालायच्या पाण्याइतकं.
मग ते, जे अजून सोसतं.
मग ते, जे
मी तोंड उघडायच्या आत वाफ बंद.
माझी बोटं दचकलेली तिला कळली होती.
ऊन नाही कळत तिला,
दचकणं कळतं.

ओतलं तिनंच. चंबू दोनदा आपटून,
उंचावरून बारीक धार, मग काठाशी टेकून.
रेघ अशी सरळ बसली
की पट्टी ठेवून मारावी.

सिओर उल्देरिकोंनी पेला खिडकीकडे धरला.
बोट लावलं. एक घोट. थांबले.
माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं,
अजून एकमेकांत अडकलेल्या आमच्या हातांकडे.
ती पटकन फडकं शोधू लागली.

"काल बरी होती," ते म्हणाले,
आणि पेला तिरका करून
तळाला चिकटलेला फेस
चमच्यानं खरवडत बसले
बराच वेळ.