कॅमेरा अजून पिशवीतच

चेंबूरला, दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत
आम्हा अकरा जणांना शिकवायला शिकवलं.
खालून ड्रिलचा आवाज यायचा.
रेवती मॅडम म्हणायच्या, आधी हा ऐका.
तुम्हाला जो कोणी गोष्ट सांगेल
तो अशाच आवाजात सांगेल,
स्टुडिओत बसून नाही.

मी वहीत उतरवून घेतलं:
पहिले तीन दिवस कॅमेरा काढायचा नाही.
मुलांसारखंच खाली बसायचं.
मूल गप्प राहिलं तर आपणही राहायचं.
हे शेवटचं मला फार जड गेलं,
मी जिना चढतानासुद्धा बोलत असते.

वाशी नाक्याला आमच्या एकतीस नंबरात
सोसायटीच्या ऑफिसात वर्ग ठरला होता.
किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी लग्नाला कर्जतला.
मग पहिला दिवस जिन्यातच.
नऊ मुलं, कोणाचा तरी धाकटा भाऊ,
आणि वरच्या पायरीवर, मांडीवर मेथी निवडत,
कोणी न बोलावलेली जैबून खाला.

आज येताना काय दिसलं, मी विचारलं.
प्रसेनजित म्हणाला, काही नाही.
इलियास म्हणाला, याला दिसलं तेच.
मी थांबले. घशात चार वाक्यं तयार होती, गिळली.
मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज तेवढा येत होता.
मग तेजल म्हणाली, लिफ्ट.

लिफ्ट तर बंदच आहे की, सगळे ओरडले.
हो ना, पण आत सायकल आहे.
जाळीला डोळा लावला की दिसते, लाल, बिनसीटची.
सायकल आत असताना लिफ्ट बंद पडली,
की बंद पडल्यावर कोणी सायकल ठेवली?
त्यावर अर्धा तास हाणामारी व्हायची बाकी होती.
चोरीची आहे. नाही, चौथ्या मजल्यावरच्या
गेलेल्या मुलाची आहे.
गेला म्हणजे मेला नाही रे, पनवेलला गेला.
मी एक अक्षर बोलले नाही.
मॅडमनी बघायला हवं होतं.

आणि तेव्हा खाला म्हणाली, मी पण सांगू एक?
तुझ्या पिक्चरमध्ये मी खिडकीत उभी आहे ना.

माझी फिल्म. नऊ मिनिटांची.
खिडकीत खाला, मागे रिफायनरीची ज्योत,
खाली मी व्हायोलिन टाकलेलं.
पुण्यात अंधारात कोणीतरी नाक ओढलं होतं.
किती एकटी बाई, लोक म्हणाले,
आणि मी मान हलवली होती,
जणू मलाच माहीत.

मी पंपवाल्याची वाट बघत होते गं, खाला म्हणाली.
पिंप रिकामं होतं, तो मोटर लावेना.
मग तू दिसलीस खाली.
मी हात केला, वर ये म्हटलं, चहा टाकलाय.
ते तू कापलंस.

मुलं माझ्याकडे बघायला लागली.
जिन्यात लपायला जागा नसते.

रात्री जुनी हार्ड डिस्क लावली.
मी जिथे तोडलं त्याच्या पुढे चार सेकंद
ती हसते, हात हलवते, तोंड हलतं तिचं.
आवाजात फक्त वारा
आणि मी:
खाला, कॅमेऱ्याकडे नका ना बघू.

अहवालाच्या कागदावर रकाने होते.
उपस्थिती: नऊ, अधिक एक, अधिक खाला.
सहभागींनी आज काय शिकलं,
यापुढे बराच वेळ पेन नुसतं धरून बसले.
मग लिहिलं, सायकल कोणाची ते ठरलेलं नाही.
कॅमेरा पिशवीतच आहे.

शेरा या रकान्यात जागा थोडी होती:
उद्या वर्गाआधी खालाकडे जायचं आहे.
चहा दोन वर्षं गार होतोय.