पकड

हडपसरला महापालिकेच्या शाळेचा वरचा हॉल.
मॅट एकवीस. तीन उंदरांनी कुरतडलेल्या,
त्या दाराशी, चपला काढायला.
गुरुवारी हॉल लसीकरणाला जातो.
मग आम्ही व्हरांड्यात, बाकांच्या फटीतून,
तिसरीच्या पोरांनी लावलेल्या
पालेभाज्यांच्या तक्त्याखाली.
नवीन मुलं विचारतात, बाई, इथे जागा कुठाय?
मी म्हणते, जिन्यात कुणी गचांडी धरली
तर त्याला आधी मॅट आणायला धाडणार का?

हे आत्ताचं.
पूर्वी मी अशी नव्हते.
अंगठा कॉलरच्या आत, चार बोटं बाहेर,
टाच इतकी, कोपर इतकं,
आणि चुकलं की वीस बैठका.
पट्ट्यालासुद्धा इस्त्री करायचे.

तेव्हा अंकुश कुदळे आला.
प्रेस मशीनने उजव्या हाताची दोन बोटं नेलेली,
पाळी सुटली की थेट, अंगाला कूलंटचा वास.
म्हणाला, मला नुसतं पडायला शिकवा,
रात्री सायकलमागे कुत्री लागतात.

पडायला महिन्यात शिकला.
मग राहिला.
पण कॉलर त्याच्या तीन बोटांतून निसटायची,
आणि मी दर वेळी तेच,
अंगठा आत, चार बाहेर,
चार म्हणताना जीभ चावायची,
तरी म्हणायचे.

एका संध्याकाळी त्याने धरणंच सोडलं.
हमाल दोर घेतो तसा
माझ्या जॅकेटचा काठ
मनगटाला एक वेढा देऊन घेतला,
आणि वळला.

पंख्याच्या पात्यांवर केवढी धूळ होती,
ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

उठून म्हणाले काय,
तर, "हे पुस्तकात नाही."
तो म्हणाला, "बाई, बोटंपण नाहीत."

त्याची कंपनी पुढे चाकणला गेली. तोही.
माझा डावा गुडघा बदलला.
आता निम्मं शिकवणं खुर्चीतून.
तो वेढा मात्र सगळ्यांना दाखवते,
दहा बोटंवाल्यांनाही.

परवा आफरीन आली, कॉलेजातून,
तोंडाला स्कार्फ, सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे.
बदलून येऊ का, म्हणाली.
म्हटलं, नको. रस्त्यात असतेस तशीच ये.
काठी बाजूला ठेवून मी उभी राहिले.
तिने धरलं. मोजा सरकला.
पुन्हा धरलं. पुन्हा सरकला.
तिने माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही.